नुसतं पाह्याचे कायचे पैसे?

"कॉम्प्युटर चालू होत नाही" हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं असेल याची गणतीच नाही. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला नातेवाइकांच्या लेखी एकच काम येतं, ते म्हणजे बंद पडलेला कॉम्प्युटर सुरू करणं. मी ज्या सर्व्हरवर दिवसभर काम करतो तो मी कधी डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नाही, पण हे अकोल्यात कोणाला सांगणार? असो.

तर हे वाक्य "बरं वाटत नाही" सारखं आहे. त्यावरून काहीच कळत नाही. बटण दाबलं तरी ढिम्म? की पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच? की आतून टूं टूं आवाज येतो? की कंपनीचं चिन्ह दिसतं आणि तिथेच अडतं? की विंडोज येतं आणि दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं? ही पाच दुखणी वेगवेगळी आहेत. आणि आपल्याकडे, म्हणजे अख्ख्या वऱ्हाडात, पाचांवरही औषध एकच: फॉर्मॅट मारा!

माझं म्हणणं असं की फॉर्मॅट ही दुरुस्ती नाही, ते निदान टाळण्याचं साधन आहे. आणि त्यात दुकानदारापेक्षा आपली चूक जास्त आहे. कशी, ते सांगतो.

आधी जरा आत काय होतं ते बघू. बटण दाबल्यावर पहिल्यांदा जागा होतो तो एसएमपीएस, म्हणजे मागचा पंखेवाला चौकोनी डबा. घरातल्या २३० व्होल्टचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो, ते नीट आले की मदरबोर्डाला "सगळं ठीक" असा इशारा देतो. मग प्रोसेसर मदरबोर्डावरच्या छोट्या चिपमधला प्रोग्रॅम वाचायला लागतो, रॅम आहे का बघतो, डिस्प्ले आहे का बघतो. एवढं सगळं झाल्यावर तो हार्ड डिस्ककडे वळतो आणि तिथून विंडोज उचलतो. म्हणजे स्क्रीन काळी आणि आतून टूं टूं असेल, तर विंडोजची पाळी अजून आलेलीच नसते. अशा वेळी फॉर्मॅट मारणं म्हणजे बोअरची मोटर जळाली म्हणून गच्चीवरची टाकी घासत बसणं.

अकोल्याला माझ्या मामांचं कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. जूनचा पहिला आठवडा, म्हणजे वर्षाचा सगळा धंदा ज्या पंधरा-वीस दिवसांत होतो ते दिवस. मामांचा फोन.

"काहून रे, हा कॉम्प्युटर चालूच नाही होऊन राह्यला. दुकानातला पोरगा म्हणते हार्ड डिस्क गेली, नवीन टाकून फॉर्मॅट मारा लागते."

"मामा, पंखा फिरतो का?"

"फिरून राह्यला ना. पण टीव्हीवर काहीच नाही." (मामा मॉनिटरला टीव्हीच म्हणतात.)

"काही आवाज?"

"टूं... टूं... टूं... निरा डोकं उठवलं त्यानं."

एकसारखं लांब टूं टूं म्हणजे बहुतेक वेळा रॅम. कंपनीप्रमाणे आवाजाची भाषा बदलते, पण ही तक्रार बहुधा तीच असते. प्लग काढायला लावला, डब्याचं झाकण उघडायला लावलं (आपल्याकडे या डब्यालाच सीपीयू म्हणतात, मी ते भांडण सोडून दिलंय), रॅमची पट्टी काढून तिच्या पिवळ्या दातांवर मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायला सांगितलं. शाईचं खरखरीत रबर नाही हं, त्याने वरचा सोन्याचा मुलामाच निघतो. पट्टी परत टक्कन बसेपर्यंत दाबली, आणि कॉम्प्युटर सुरू. हार्ड डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. तिच्यात तीन वर्षांची उधारीची खाती होती.

आता तुम्ही म्हणाल, दुकानातला पोरगा लबाड. मला तसं वाटत नाही. त्याच्या जागी उभं राहून बघा. त्याने अर्धा तास घालवला, रॅम पुसली, कॉम्प्युटर सुरू करून दिला आणि म्हणाला, "तीनशे रुपये." गिऱ्हाईक काय म्हणेल? "आँ? काही टाकलं तर नाही. नुसतं पाह्याचे कायचे पैसे?" हे वाक्य मी अकोल्यातही ऐकलंय आणि अमरावतीतही. तेच त्याने नवीन हार्ड डिस्क घातली, तर बिल होतं, त्यात त्याची मजुरी लपते आणि गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी वस्तू पडते. फॉर्मॅटचंही तसंच. फॉर्मॅटचा ठरलेला रेट असतो, तो सगळ्यांना मान्य आहे. डोक्याला मात्र रेट नाही. डॉक्टरने नाडी पाहून "काही नाही, दोन दिवस आराम करा" म्हटलं तरी आपण फी देतोच ना? मग इथेच काय झालं?

याची किंमत कोण मोजतं ते अमरावतीत पाहिलं. माझी आतेबहीण तिथे विद्यापीठात पीएचडी करत होती, मेळघाटातल्या गावांमध्ये फिरून गोळा केलेली माहिती. तिचा डेस्कटॉप सुरू होऊन मध्येच बंद पडायचा. दुकानात नेला, फॉर्मॅट मारून आणला. आठ दिवसांनी पुन्हा तेच! कारण मूळ दुखणं एसएमपीएसचं होतं, भार आला की १२ व्होल्ट घसरायचे. (पाच टक्के इकडे तिकडे चालतात, म्हणजे ११.४ ते १२.६. दोनशे-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं.) बरं, तिचा बॅकअप अर्धवट होता. दोन हंगामांच्या मुलाखतींच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. त्या गावांत ती पुन्हा गेली, पण माणसं तेच पुन्हा तसंच थोडंच सांगतात?

यात एक नवीन भानगड आहे. पूर्वी हार्ड डिस्कवर घाईघाईने केलेल्या फॉर्मॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जायची. मजकूर तिथेच असायचा, आणि त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर बराचसा परत काढता यायचा. आता जुन्या मशीनला जीवदान म्हणून सगळीकडे एसएसडी बसवतात. चांगलंच आहे, मशीन पळायला लागतं. पण एसएसडी फॉर्मॅट केली की विंडोज तिला "या जागा मोकळ्या" असं कळवतं आणि ती त्या आतून खरोखर साफ करून टाकते. मग रिकव्हरीवाला कितीही हुशार असो, हात हलवत परत. म्हणजे फॉर्मॅट मारायची सवय जुनीच राहिली आणि तिचा घाव मात्र खोल झाला.

शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. तेव्हापासून बंद पडलेल्या जुन्या मशीनवर "यावर अकरा चालत नाही, नवीनच घ्या" हा तिसरा उपाय आलाय. विंडोज जुनं होणं वेगळं आणि मशीन न उठणं वेगळं. एकाचं कारण दुसऱ्याला चिकटवू नका.

बरं, हे सगळं आमच्याकडेच जास्त का होतं? माझ्या मते वऱ्हाडातल्या न उठणाऱ्या कॉम्प्युटरचं कारण बरेचदा डब्याच्या बाहेर असतं.

पहिलं ऊन. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला आणि उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं होतं, म्हणजे बघा! एसएमपीएस आणि मदरबोर्डावर जे छोटे पिंप दिसतात, कपॅसिटर, त्यांच्या आत द्रव असतो. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या डब्यात काय होत असेल? कपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा वर तपकिरी डाग दिसला की समजायचं. २००० नंतरच्या काही वर्षांत तर जगभर सदोष कपॅसिटरची साथच आली होती. डेलने २००५ मध्ये त्यापोटी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. तेव्हा आमच्याकडचे कारागीर पाच-दहा रुपयांचा कपॅसिटर डाग देऊन बदलायचे आणि मदरबोर्ड वाचवायचे. ती माणसं आता मोबाइल दुरुस्तीत गेली.

दुसरं, कूलर. उन्हाळ्यात कूलरशिवाय इथे माणूस जगत नाही, आणि कूलरचा झोत नेमका कॉम्प्युटरच्या टेबलावर. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्याचा पट्टा म्हणजे खारपाणपट्टा. त्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो तो सगळ्यांनी पाहिलाय. झोताबरोबर जे बारीक तुषार उडतात त्यांच्यातून तेच क्षार डब्यात जातात, आतल्या धुळीत ओल धरते आणि रॅमच्या दातांवर पापुद्रा येतो. मामांच्या दुकानात हेच झालं होतं. टेबल चार फूट बाजूला सरकवलं.

तिसरं आणि माझं आवडतं, अर्थिंग. डब्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का? "थोडा करंट मारते, काही होत नाही" असं म्हणून लोक वर्षानुवर्षं वापरतात. एसएमपीएसच्या आत विजेतला कचरा गाळून जमिनीत सोडणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसली की त्यांना वाटच मिळत नाही, आणि सगळा डबा जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, लटकत राहतो. करंट अगदी बारीक असतो म्हणून आपण वाचतो, पण यूएसबीने जोडलेला प्रिंटर त्याने जाऊ शकतो. आता आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंगला तिच्याइतकी चांगली जमीन नाही. मे महिन्यात मात्र तीच आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खड्ड्यातल्या पट्टीशी तिचा संबंध सुटतो. म्हणून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतायचं असतं. पण जिथे नळ रोज येत नाहीत तिथे हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी मामींना कूलर धुतल्याचं पाणी तिकडे टाकायला सांगितलंय.

लाइटीचं काय सांगायचं. २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं ज्यांनी काढली त्यांना माहीत आहे. पारसचं वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात आणि अंधारही आमच्याच घरात! आता तसं नाही, पण लाइट गेली तर कॉम्प्युटरचं बटण भिंतीवरूनच बंद करा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबा, येतानाचा झटका वाईट असतो. आणि डबा गाडीत घालून दुरुस्तीला नेताना आडवा, गादीवर ठेवा. अमरावती-अकोला रस्ता आता गुळगुळीत आहे (जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम केला), पण त्याआधी कित्येक वर्षं त्या रस्त्याने रॅमच काय, माणसाची हाडंसुद्धा सैल व्हायची.

न उठणाऱ्या कॉम्प्युटरांचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकायची. ते कळलं कारण कोणीतरी आधी बसून नीट पाहिलं. त्या पाहणाऱ्यांना त्यांच्या कंपन्या भरपूर पगार देतात, त्याबद्दल कोणी "कायचे पैसे" म्हणत नाही.

तर मंडळी, दुकानात डबा नेला की आधीच सांगा: "तपासणीचे दोनशे-तीनशे वेगळे देतो, काही टाकावं लागलं नाही तरी देतो. पण मला न विचारता फॉर्मॅट मारू नका, आणि मारावाच लागला तर आधी माझी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून माझ्या फाइली काढा." मामांनी जूननंतर त्याच पोराला हे सांगितलं. तो आधी हसला. मग दिवाळीच्या सुमारास मशीन पुन्हा अडलं तेव्हा त्याने स्वतःच मल्टिमीटर लावला, भिंतीतल्या सॉकेटची न्यूट्रल वायर सैल निघाली. सीपीयू उघडलासुद्धा नाही. दोनशे रुपये घेतले आणि मामांनी दिले. मामी अजून कुरकुरतात.

यूपीएसबद्दल मुद्दाम लिहिलं नाही. त्याच्या बॅटरीचं रडगाणं वेगळं आणि लांब आहे, पुढच्या एखाद्या शनिवारी.