‘पुढे लागेल’ म्हणून काही घेऊ नका



हॉलमधल्या टीव्हीला जोडायला कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, घ्यायचाच तर दणकट घ्या, पुढे लागेल. दुसरा म्हणतो, श्रावकाच्या घरात हे कशाला, हा सगळा परिग्रहच. मला दोन्ही मान्य नाहीत. आपल्याला नेमकं काय पाहायचं आहे, हे दोघांनीही ठरवलेलं नसतं.

आधी दुसऱ्या पक्षाचं पाहू. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तू मोजून केलेली नाही, आसक्तीवरून केली आहे. गृहस्थाला सांगितलं ते परिग्रह-परिमाण, म्हणजे मर्यादा घालणं. मर्यादा घालायची तर किती लागतं ते माहीत हवं. वर्षाचं धान्य, तेल, डाळ यांचा अंदाज आपण तोंडपाठ सांगतो. कॉम्प्युटर आला की मात्र ‘मला त्यातलं कळत नाही’ म्हणून आत चहा ठेवायला जातो, आणि आपल्या घराचं परिमाण दुकानदार ठरवतो. माझं भांडण याच्याशी आहे.

म्हणून आधी कागदावर लिहा, काय पाहणार. फक्त यूट्यूब आणि एक-दोन ओटीटी असतील, तर कॉम्प्युटर घेऊच नका. टीव्हीत ती सोय असते, नसेल तर छोटी स्टिक पुरते. कॉम्प्युटर लागतो तो स्वतःचा साठा असेल तेव्हा: लग्नाच्या जुन्या डीव्हीडी, गावातल्या पंचकल्याणकाचं चित्रीकरण, महाराजांच्या चातुर्मासातली प्रवचनं, पाठशाळेच्या फायली. हे सगळं एका जागी ठेवायचं आणि सासूबाईंनाही रिमोटवर लावता यावं, एवढंच त्याचं काम.

या कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. व्हिडिओ उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्येच वेगळं सर्किट असतं. ते असतं किंवा नसतं. जास्त पैसे मोजून महागडा आय७ घेतला म्हणून चित्र जास्त स्वच्छ होत नाही. आजचे व्हिडिओ मुख्यतः एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या प्रकारांत येतात. इंटेलच्या सातव्या पिढीपासून दहा-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ नीट चालतात, अकराव्यापासून एव्ही१ही. २०२३ साली आलेल्या एन१०० या सहा वॅटच्या साध्या प्रोसेसरमध्ये चारही आहेत. आणि २०१७च्या, त्या वेळी भारी समजल्या जाणाऱ्या आय७-७७००मध्ये एव्ही१चं सर्किट नाही. आता सांगा, ‘दणकट घ्या, पुढे लागेल’ म्हणून तो घेतलेल्याच्या हाती काय लागलं?

रॅम ८ जीबी भरपूर झाली. आत २५६ जीबीचा एसएसडी पुरतो. आवाज नाही आणि यंत्र पटकन सुरू होतं. साठ्यासाठी बाहेरून हार्ड डिस्क लावा. तिचा आकारही हिशेबानं घ्या: २५ एमबीपीएसच्या ४के व्हिडिओचा एक तास साधारण ११ जीबी घेतो, जुन्या डीव्हीडीची अख्खी फिल्म ४ ते ८ जीबी. मोजा, दुप्पट करा, थांबा. टीव्ही फुल एचडी असेल तर ४केचा विचारच सोडा. असेल ४के, तर यंत्राला एचडीएमआय २.० हवं, १.४वर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच जातं.

नव्यापेक्षा वापरलेलं घ्यायला लाजू नका. कार्यालयांतून निघालेल्या छोट्या पेट्या, डेलच्या ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा लेनोवोच्या थिंकसेंटर टायनी, या कामाला उत्तम. दोन गोष्टी बघा. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज नकोच असेल तर लिब्रेइलेक फुकट आहे. यंत्र सुरू केलं की थेट कोडी उघडतं. दुसरं, अशा पेट्यांना बऱ्याचदा एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असतो, तेव्हा कन्व्हर्टरचा खर्च आधीच धरा.

आता ‘मोठं घेतलं तर बिघडलं कुठं’ म्हणणाऱ्यांना. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा एक प्रकार प्रमादचर्या सांगितला आहे: कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वनस्पती तोडणं. कार्ड घातलेला मोठा डेस्कटॉप साधा व्हिडिओ दाखवतानाही ६०-७० वॅट सहज घेतो, छोटी पेटी १०-१५. फरक ५० वॅट धरा. रोज चार तास, वर्षाचे ३६५ दिवस: ७३ युनिट. चित्र तेच, आवाज तोच, वर ७३ युनिट वाया. नळ टपकत असेल तर आपण रात्री उठून बंद करतो. हे टपकणं दिसत नाही, एवढाच फरक.

काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे, हेही सांगून टाकते. जुळवून कॉम्प्युटर करणार असाल तर पॉवर सप्लायमध्ये पैसे वाचवू नका. बिननावाचा सप्लाय जळताना बाकीचे पार्ट घेऊन जातो. उरलेले पैसे आवाजावर घाला. पातळ टीव्हीच्या स्पीकरमधून प्रवचनातला शब्द नीट कळत नाही, आणि घरातल्या वयस्कर माणसांना आधी त्याचाच त्रास होतो. साधी साउंडबार प्रोसेसरच्या वरच्या मॉडेलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पडद्यावर काय लावायचं, हा विवेक कुठल्याही पार्टसोबत येत नाही. दुःश्रुती मोबाइलवरही होते. तो प्रश्न घरानं सोडवायचा. पण पेटी किती मोठी हवी, हा साधा हिशेब आहे, आणि हिशेब आपल्याला येतो.

दुकानात गेल्यावर चार प्रश्न विचारा. एव्ही१ आणि दहा-बिट एचईव्हीसीचं सर्किट आहे का? एचडीएमआय कुठलं? चालताना किती वॅट? पंख्याचा आवाज किती? दुकानदार उत्तर तुमच्या यजमानांकडे बघून देऊ लागला, तर प्रश्न पुन्हा विचारा. आणि ‘पुढे लागेल’ म्हणाला, तर म्हणा: लागेल तेव्हा येऊ.