बर्फावरचा बचावपटू आणि वाट्याचा प्रश्न

आरक्षणाचा विषय निघाला की प्रस्थापितांचा एक ठरलेला प्रश्न असतो. 'मग क्रिकेटच्या संघातही आरक्षण ठेवायचे का?' विचारणाऱ्याला उत्तर नको असते, टाळी हवी असते. क्रिकेटमधले उत्तर पळवणकर बाळू आणि त्यांच्या भावांनी शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. पुण्याच्या मैदानावर बाळूंचा चेंडू चालत होता, त्यांच्या चहाचा पेला मात्र वेगळा होता, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आज उत्तर देऊ ते आपल्याकडे फारसा कुणी न पाहिलेल्या आइस हॉकीतून, इटलीच्या एका निवृत्त बचावपटूच्या निमित्ताने.

अलेक्झांडर एगर हे त्याचे नाव. 1970 च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेला हा खेळाडू उत्तर इटलीतल्या बोल्झानो शहराच्या संघाचा आधारस्तंभ होता आणि इटलीच्या राष्ट्रीय संघातूनही खेळला. 2013 साली बोल्झानोचा संघ ऑस्ट्रियाच्या लीगमध्ये दाखल झाला आणि पहिल्याच हंगामात, 2014 मध्ये, साल्झबुर्गला हरवून विजेता ठरला. ती लीग जिंकणारा हा ऑस्ट्रियाबाहेरचा पहिला संघ. कर्णधार होता एगर. आइस हॉकीत गोल करणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. बचावपटूच्या वाट्याला येतो तो रबराच्या कडक चकतीपुढे अंग टाकण्याचा धंदा. न झालेल्या गोलांचा हिशेब कुणी ठेवत नाही. अशा खेळाडूंवर लिहिणारेही कमीच.

आता त्याचे आडनाव पाहा. एगर हे आडनाव जर्मन. 2006 च्या ट्युरिन ऑलिम्पिकमध्ये इटलीच्या बचावफळीत हेल्फर आणि रामोझर ही आडनावे होती, तीही जर्मनच. देश इटली आणि आडनावे जर्मन, हे कसे?

पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या सेंट-जर्मेन तहाने ऑस्ट्रियाचा दक्षिण टायरॉल हा प्रदेश इटलीला मिळाला. तिथल्या लोकांना कुणी विचारले नाही. मुसोलिनी सत्तेवर आल्यावर एत्तोरे टोलोमेई नावाच्या गृहस्थाने 1923 मध्ये इटालियनीकरणाचा 32 कलमी कार्यक्रम जाहीर केला. जर्मन शाळा बंद झाल्या. गावांची नावे बदलली. थडग्यावरचा मजकूरसुद्धा इटालियनमध्येच हवा, असा फतवा निघाला. लोक मुलांना चोरून, घरांच्या तळघरांत आणि माळ्यांवर मातृभाषा शिकवू लागले. पुढे 1939 मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी परस्पर ठरवून या लोकांसमोर पर्याय ठेवला: जर्मनीत जा, नाहीतर इथे राहून इटालियन व्हा. सुमारे 75 हजार माणसे घरदार सोडून गेली.

युद्ध संपल्यावर, 5 सप्टेंबर 1946 रोजी, पॅरिसमध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीचा करार झाला. भाषेला संरक्षण आणि स्वायत्तता कागदावर आली. प्रत्यक्षात 1948 च्या कायद्याने हा प्रांत शेजारच्या इटालियनभाषक त्रेंतोला जोडला आणि जर्मनभाषक पुन्हा अल्पमतात गेले. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर आपल्याला कुणी शिकवायला नको. मग 1957 चा सिल्व्हिउस माग्नागो यांचा प्रचंड मेळावा झाला. 1960 मध्ये ऑस्ट्रियाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. 1961 मध्ये विजेचे खांब उडवले गेले. खरी स्वायत्तता आली ती 1972 मध्ये.

आपल्या कामाचा भाग इथून पुढे आहे. 1976 पासून या प्रांतातल्या सरकारी नोकऱ्या जर्मन, इटालियन आणि लादिन या तीन भाषागटांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. 2011 च्या गणनेत जर्मन 69.41 टक्के, इटालियन 26.06 टक्के आणि लादिन 4.53 टक्के होते. आपला गट नागरिकाने स्वतः जाहीर करायचा. नोकरीसाठी दोन्ही भाषांची परीक्षा सगळ्यांना. म्हणजे प्रमाण आणि पात्रता हातात हात घालून चालतात, यात त्यांना काही विसंगती दिसत नाही. इटली काही यामुळे फुटला नाही. उलट बोल्झानोचा संघ सीमेपलीकडच्या लीगमध्ये खेळतो आणि त्याचे खेळाडू इटलीची जर्सी घालतात.

राष्ट्रीय संघात मात्र भाषागटांचा कोटा नाही! मग जेमतेम पाच लाख वस्तीचा हा प्रांत सहा कोटींच्या देशाच्या संघाला इतके खेळाडू कसे पुरवतो? डोंगर आणि थंडी आहेच. पण आल्प्सचे डोंगर इटलीत इतरत्रही आहेत. 1972 च्या कायद्याने क्रीडा आणि क्रीडासुविधा हा विषय प्रांताच्या अखत्यारीत दिला. बहुतेक करांचा दहापैकी नऊ हिस्सा प्रांतातच राहतो. मेरानो, ब्रुनिको, विपितेनो, एन्या अशा छोट्या गावांतही हॉकीचे क्लब आहेत, लादिनभाषकांच्या भागातही आहे. वाटा शाळेत मिळाला, नोकरीत मिळाला, तिजोरीत मिळाला. निवड समितीसमोर वाटा मागण्याची वेळच आली नाही. क्रिकेटचा प्रश्न विचारणाऱ्याला हे सांगावे, आणि आपल्या वस्तीपासून मैदान किती लांब आहे हेही विचारावे.

अर्थात हे चित्र जसेच्या तसे आपल्या भिंतीवर टांगता येणार नाही. दक्षिण टायरॉलच्या जर्मनभाषकाला कुणी विहिरीवरून हाकलले नव्हते. त्याच्याकडे जमीन होती, चर्च होते आणि पाठीशी ऑस्ट्रियासारखा शेजारी देश होता. आमच्या पाठीशी कोणता ऑस्ट्रिया होता? पॅरिस करारानंतर काही महिन्यांतच, मार्च 1947 मध्ये, बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन तयार केले. त्यात कायदेमंडळ, मंत्रिमंडळ आणि नोकऱ्या अशा तिन्ही ठिकाणी संरक्षण मागितले होते. ते मागणारा एक माणूस होता, त्याच्यामागे परराष्ट्र मंत्रालय नव्हते. आणखी एक उणीव तिथेही आहे. बाहेरून आलेल्या स्थलांतरिताला तीनपैकी कुठल्या तरी एका गटाकडे स्वतःला नोंदवावे लागते. त्याच्या स्वतःच्या भाषेला त्या हिशेबात जागा नाही.

शंकाही संपलेल्या नाहीत. याच प्रांतातला, घरी जर्मन बोलणारा टेनिसपटू यानिक सिनर 2023 मध्ये डेव्हिस कपच्या एका फेरीत खेळला नाही, तेव्हा तो पुरेसा इटालियन आहे का, अशी कुजबुज इटलीत झाली. त्याच वर्षी त्याने इटलीला तो कप जिंकून दिला, पुढे 2025 मध्ये विम्बल्डनही जिंकले, आणि कुजबुजणारे टाळ्या वाजवू लागले. एगरसारख्या बचावपटूला असल्या टाळ्याही मिळत नाहीत.

टोलोमेईने ठरवलेल्या गावांच्या नावांचा वाद अजून मिटलेला नाही. त्याच्या आवडीचा शब्द 'आल्तो आदिजे', आणि फासिस्ट राजवटीने ज्याच्यावर बंदी घातली तो 'झ्यूडटिरोल'. बोल्झानोच्या हॉकी क्लबच्या नावात आज हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, झ्यूडटिरोल आधी.