स्विच कुणाच्या हातात?

कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' उमटलं, की मित्रमंडळी दोनच सल्ले देतात. "क्रॅक टाक" नाहीतर "नवी की घे." त्याआधी एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. पैसे मोजून आपण घेतलं होतं काय?

आता वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यासारख्या गावातलं एखादं सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणा. पीक विम्याची शेवटची तारीख तोंडावर, बाहेर रांग, आणि व्होल्टेजच्या खेळात मदरबोर्ड उडाला. दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या मॉडेलचा बोर्ड बसवला. हार्ड डिस्क तीच, मालक तोच, पण विंडोजच्या लेखी मशीन नवं! कारण ॲक्टिव्हेशन म्हणजे की आणि हार्डवेअरचं लावून दिलेलं लग्न, आणि त्यात मदरबोर्डचा मान मोठा. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं. सुटं घेतलेलं रिटेल लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं.

एक्सपी 30 दिवसांनंतर आत शिरूच देत नसे. आताचं विंडोज तसं अडत नाही, हे मान्य. पण खरा धोका पुढे आहे. घाईत कुणीतरी क्रॅक टाकतो, तोही अँटिव्हायरस बंद करून. आणि त्याच मशीनवर अर्ध्या गावाचे आधार नंबर आणि बँक पासबुकं स्कॅन केलेली!

बरं, नियम पाळले म्हणजे सुटलो, असंही नाही. ऑगस्ट 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टचे तपासणीचे सर्व्हर गडबडले आणि हजारो अस्सल ग्राहक काही तास 'नकली' ठरले. नोव्हेंबर 2018 मध्ये विंडोज 10 प्रोचं लायसन्स असलेल्या लोकांना तुमचं होम आहे असं सांगितलं गेलं. जुलै 2025 मध्ये तर युरोपच्या निर्बंधांचं कारण देत मायक्रोसॉफ्टने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत मिळाल्या. ही भानगड ॲक्टिव्हेशनची नव्हती, पण मुद्दा तोच. बिल आपण भरायचं, स्विच दुसऱ्याच्या हातात.

मग लिनक्स? हो, पण डोळे उघडे ठेवून. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं त्यावर चालतायत. सी-डॅकच्या बॉसमध्ये मराठीची सोय आहे. उबुंटू आणि मिंट फुकट आहेत आणि की मागतच नाहीत. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बोटांच्या ठशांचं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, टॅली, डीटीपीवाल्यांचे जुने फाँट. यातलं बरंच विंडोज धरूनच बनलंय. एका रात्रीत सगळं बदला म्हणणारा माणूस कधी रांगेसमोर बसलेला नसतो.

म्हणून माझं मत असं: आधी सवयी बदला, सिस्टीम नंतर. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स आजच्या विंडोजवरच वापरायला लागा. बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि लिनक्सचा एक पेनड्राइव्ह तयार असू द्या. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. 11 साठी अपात्र ठरलेलं जुनं मशीन भंगारात घालण्याऐवजी पहिला प्रयोग त्यावरच करा.

आणि विंडोजवरच राहायचं असेल तर खुशाल राहा. फक्त रिटेल लायसन्स घ्या, ते आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा आणि बिल जपून ठेवा. विंडोज वापरणं वाईट नाही. दुसरा रस्ताच माहीत नसणं वाईट.