तिच्या कागदांची पिशवी

संक्रांतीच्या आधी महिनाभर वस्त्यांमधले शिवणवर्ग आणि बचतगट गजबजलेले असतात. वाणाच्या वाट्या-डब्यांच्या जोडीला आता कापडी पाकिटे, बटवे आणि भिंतीला टांगायच्या कप्प्यांच्या पिशव्या लुटल्या जातात. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी वस्तूंना थोडी प्रतिष्ठाही आली आहे. बायकांच्या हाताला काम मिळते, जुन्या साड्या-जीन्स कारणी लागतात. याविरुद्ध कोण काय बोलणार? मीही बोलणार नाही. फक्त विचारायचे आहे, की या कप्प्यांत तिचा स्वतःचा कप्पा कोणता?

कुठल्याही घरातली अशी पिशवी नीट पाहा. एका कप्प्यात नवऱ्याच्या गाडीची किल्ली, दुसऱ्यात मुलांच्या पट्ट्या-पेन्सिली, तिसऱ्यात सासूबाईंच्या गोळ्या, खाली लाईटचे बिल आणि फणी. शिवली तिने, टांगली तिने, रोज आवरतेही तीच. तुझे काय आहे यात, असे विचारले तर हसते आणि फणीकडे बोट दाखवते.

खरे तर कप्प्यांची पिशवी बायकांना नवी नाही. आजीची चंची आठवा. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, प्रत्येकाला वेगळा कप्पा आणि अगदी आत घडी घातलेली नोट. चंच्या पुरुषांकडेही असत, पण आजीची चंची आजीचीच. तिला दुसऱ्या कुणी हात लावत नसे. भाजी विकणाऱ्या बायका आजही परकराला आतून खिसा शिवून घेतात. आपली गरज ओळखून बेतलेली शिलाई ती ही. आपल्या शिवणवर्गांत मात्र पहिला धडा उशीच्या अभ्र्याचा आणि दुसरा घर आवरण्याच्या पिशवीचा.

सल्ला केंद्रात काम करताना वारंवार दिसते ते असे. बाई घरातून निघते ती अंगावरच्या कपड्यांनिशी, कडेवर मूल घेऊन. तक्रार लिहून झाली की प्रश्न कागदांचा येतो. आधार कार्ड? तिकडे. पासबुक? सासऱ्यांच्या कपाटात. मुलाचा जन्मदाखला, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, दागिन्यांच्या पावत्या, दवाखान्याचे कागद? सगळे तिकडे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशन कार्डासाठी घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले आहे. कार्डावर नाव तिचे, पण कार्ड कुलपात आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली न्यायालय तिचे स्त्रीधन आणि मालमत्ता परत करण्याचा हुकूम देऊ शकते. पण हुकूम होईपर्यंत तारखा पडत राहतात, आणि पावती वा यादी हाताशी नसेल तर काय-काय होते हेच सांगत बसावे लागते. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा दाखल्यांसाठी बायकांची जी पळापळ झाली ती आपण सर्वांनी पाहिली. संजय गांधी निराधार योजनेसाठी विधवा आणि परित्यक्ता बायका तीच पळापळ कितीतरी वर्षे करीत आहेत.

म्हणून माझे म्हणणे आहे, की शिवणवर्गात बाईने पहिली वस्तू शिवावी ती स्वतःच्या कागदांची पिशवी.

यावर कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, दहा-वीस रुपयांत प्लॅस्टिकची फाईल मिळते की. मिळते, पण फाईल डोळ्यांत भरते, आणि बाईने फाईल बाळगली की घरात चौकशी सुरू होते. साडीच्या कापडाची पिशवी साड्यांच्या घडीत घडीसारखी राहते. दुसरे म्हणणे असते, आता सगळे मोबाईलवर आहे. २०१५ पासून सरकारी डिजिलॉकर आहे हे खरे, पण ओटीपी जातो तो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुठला कप्पा कशासाठी हे बेतताना बायका बोलू लागतात. ‘माझ्या लग्नाची नोंदच झालेली नाही,’ हे वाक्य मी व्याख्यानानंतर क्वचितच ऐकले, पण कापड कापताना अनेकदा.

बेत सोपा आहे. तयार पिशवी दहा इंच बाय तेरा इंच ठेवावी, म्हणजे ए-फोर कागद घडी न घालता मावतो. घडीवरच कागद आधी फाटतो. बाहेरून जुनी सुती साडी, आत मांजरपाटाचे अस्तर. दोन मोठे कप्पे, त्यांवर पासबुकाच्या मापाचा एक आणि कार्डांसाठी दोन छोटे. झाकणाला नाडी किंवा काज-बटण. वेल्क्रो नको, रात्रीच्या शांततेत तो केवढ्याने फर्रकन् वाजतो! कापड ओल धरते, कोकणात तर फारच. तेव्हा कागद आधी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मगच आत ठेवावेत. मूळ कागद घरातून हलवणे धोक्याचे असेल तर झेरॉक्सचा एक संच माहेरी किंवा विश्वासू मैत्रिणीकडे असावा. दागिन्यांची यादी आणि ते अंगावर असलेले लग्नातले फोटो विसरू नयेत.

वाण म्हणून, डोहाळजेवणाला किंवा लग्नात मुलीला ही पिशवी जरूर द्यावी. हळदीकुंकवाला ज्यांना बोलावत नाहीत, त्या विधवा आणि टाकलेल्या बायकांना आधी द्यावी. आपल्या संघटनांच्या तिळगूळ समारंभांत तरी हे व्हायला हरकत नाही.

आता भावाचे. घाऊक मागणी देणारे ‘चिंध्यांचेच तर आहे’ म्हणून भाव पाडतात, आणि मला सांगायला खेद होतो, की यात महिला दिनाचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थाही आल्या. बेतण्यापासून काजापर्यंत अशा पिशवीला सरावलेल्या हातालाही दीड-दोन तास लागतात. दोरा, अस्तर, वीज, मशीनचे तेल वेगळेच. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावे असे सांगणारा १९९६ चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार भारताने अजून मान्य केलेला नाही. सरकारला जाब विचारूच, पण आपल्या मागणीपत्रावर तासांचा हिशेब मांडायला आपल्याला कुणी अडवलेले नाही.

आणखी एक. भेट देताना उत्साहाने पिशवीत संस्थेचे पत्रक किंवा हेल्पलाईनची चिठ्ठी घालू नये. पिशवी घरी गेल्यावर पहिल्यांदा कोण उघडणार हे आपल्या हातात नसते. १८१ हा नंबर आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो ही गोष्ट तोंडीच सांगावी. शिवता शिवता सांगितली तर उत्तम.