टीसी क्लॅम्प, काचेची नळी आणि धुण्याचा प्रश्न

मंडळी, या शनिवारी सॉफ्टवेअर बाजूला. विषय आहे स्टीलच्या पाइपांचे सांधे! पण थांबा, पळू नका.

अमेरिकेतल्या माझ्या एका मित्राला घरी बीअर बनवायचा नाद लागलाय. तिकडे १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरगुती बीअरला केंद्रीय कायद्याची परवानगी मिळाली. दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलन, विकायची मात्र नाही. त्याचा प्रश्न : सगळीकडे सॅनिटरी क्लॅम्प लावू का, आणि काचा किती बसवू? मला विचारलं, कारण आमच्या काकांची उमरेडला छोटी डेअरी आहे. बीअरवाले जी फिटिंग मिरवतात ती मुळात दूधवाल्यांचीच. आपल्या बाजारात तिला टीसी एंड म्हणतात. दोन सपाट कडा, मध्ये गॅस्केट, वरून क्लॅम्प. पान्याशिवाय हाताने उघडते.

माझं मत सरळ आहे. पैसे सांध्यांवर घाला, काचांवर नको. आणि सांध्यांवरसुद्धा सरसकट नको.

चुलतभाऊ एका वाक्यात सांगतो : "दादा, उघडताच नाही आलं तं धुवाचं कसं?" आट्यांच्या सांध्यात फटी राहतात, टेफ्लॉन टेप राहते, त्यात दूध किंवा माल्टचं गोड पाणी अडकतं आणि जंतूंची वसाहत होते. पण उकळण्याच्या भांड्यापर्यंत आट्या चालतात, पुढे उकळी आहेच. थंड केल्यानंतरचा प्रत्येक सांधा मात्र क्लॅम्पचा हवा, कारण तिथून पुढे जंतू मारणारं काही नाही. व्हॉल्व्हचंही तेच. साध्या बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यामागे द्रव साचतो, म्हणून थंड बाजूला बटरफ्लाय घ्यावा.

मापात एक गंमत आहे. एक इंची आणि दीड इंची फेरूलची बाहेरची कड एकच, ५०.५ मिमी. क्लॅम्प दोन्हीला बसतो. आतलं भोक मात्र वेगळं, त्यामुळे जोडलं तर आत पायरी तयार होते आणि तिच्यावर गाळ बसतो. आपल्याकडे इंटरफेस जुळला म्हणून कोड कंपाइल होतो आणि रात्री तीनला प्रॉडक्शन झोपतं, तसलाच प्रकार! गॅस्केटही बघून घ्या. ईपीडीएम बीअरला चांगलं, पण साय-तुपाने फुगतं. तिथे टेफ्लॉन बरं.

आता काचा. भांड्याच्या बाजूला उभी नळी लावून पातळी बघायची हौस सगळ्यांनाच असते. पण त्या नळीत द्रव वाहत नाही, नुसता उभा राहतो. धुतानाही तिथे पाणी जोरात पोचत नाही. पातळीच हवी असेल तर स्टीलच्या पट्टीवर खुणा करा, काम झालं. काच घ्यायचीच तर बोरोसिलिकेट घ्या. साधी काच तापल्यावर तिच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, म्हणून गरमवर गार पाणी पडलं की तडकते. आणि दाबाच्या टाकीला कितीचा दाब सोसेल हे लिहिलेलं नसेल ती काच बिलकुल लावू नका. फुटलेली काच डोळ्यात जाते, गरम द्रव अंगावर येतो.

माझ्या मते एक काच पुरे, निचऱ्याच्या वाटेवर. गढूळ संपून नितळ सुरू झालं की व्हॉल्व्ह फिरवायचा, हा निर्णय ती काच बघून होतो. जी काच बघून आपण काहीच वेगळं करणार नाही, ती नुसती धुवायची आणखी एक वस्तू. लॉगिंगचंही असंच नाही का? दहा हजार ओळी छापायच्या आणि वाचायचं कुणीच नाही.

आणि हो, हे वाचून उत्साहात येऊ नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं गुन्हा, त्यासाठी उपकरणं बाळगणंसुद्धा त्यात येतं. आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा तर अख्खा दारूबंदीचा.

मग आपल्याला काय उपयोग? गावोगावी पोरं दूध, ताक, सरबताचे छोटे धंदे काढतायत. दुकानदार त्यांना चकचकीत टाकी आणि लांबलचक काचेची नळी दाखवतो, भाव चढतो. "हे उघडून धुवाचं कसं?" असं विचारलं की गडबडतो. आमच्या डेअरीचं दूध सकाळी ज्या घरांत जातं तिथे तान्ही पोरं आहेत. त्यांच्या पोटाचा प्रश्न दीड इंची सांध्यात असतो, टाकीच्या चकाकीत नाही.

मित्राला कळवलंय : थंड बाजूला सगळे क्लॅम्प दीड इंची, एक काच, गॅस्केट दुप्पट घेऊन ठेव. तुम्ही घरच्या वॉटर प्युरिफायरपासून सुरुवात करा. तो उघडून धुता येतो का, बघा बरं.