रिकामी ओळ पुसू नका

मागच्या वर्षी मला दोन तक्ते जोडायचे होते. एकात १,२४० रक्तनमुने, दुसऱ्यात ते ज्या केंद्रांतून आले त्यांची माहिती. पॉवर बीआयच्या ‘डॅक्स’ या सूत्रभाषेत मी ‘नॅचरलइनरजॉइन’ वापरलं. सूत्र बिनतक्रार चाललं, आलेखही छान आला. दोन दिवसांनी सहज ओळी मोजल्या, तर १,१८७! गळालेले ५३ नमुने एकाच केंद्राचे होते. एका तक्त्यात त्याचा क्रमांक ‘०७’ होता, दुसऱ्यात नुसता ‘७’.

इनर जॉइनचं कामच ते: दोन्हीकडे जोडी सापडली तर ओळ ठेवायची, नाहीतर गुपचूप वगळायची. चूक सूत्राची नाही. न मोजणाऱ्याची, म्हणजे माझी.

‘नॅचरललेफ्टआउटरजॉइन’ डावीकडची प्रत्येक ओळ राखतं. जोडी नसेल तिथे जागा रिकामी सोडतं. पण इथेही मेख आहे. जोडून झाल्यावर उजव्या तक्त्यातल्या स्तंभावर ‘फिल्टर’ लावला, समजा ‘देश = ब्रिटन’, की त्या रिकाम्या जागांच्या ओळीही जातात. डावीकडच्या सगळ्या ओळी हव्या असतील, तर आधी उजवा तक्ता गाळा आणि मग जोडा.

याउलट, दोन तक्त्यांत एक-ते-अनेक नातं बांधलं आणि एखाद्या नोंदीचा क्रमांक मुख्य यादीत नसला, तर डॅक्स त्या यादीत स्वतःहून एक रिकामी ओळ धरतं. अशा सगळ्या अनाथ नोंदी तिच्याखाली जमतात, म्हणून एकूण बेरीज चुकत नाही. ‘व्हॅल्यूज’ ही ओळ दाखवतं, ‘डिस्टिंक्ट’ दाखवत नाही. मी नातं बांधलं असतं, तर ते ५३ नमुने पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरले असते.

अहवाल नीटनेटका दिसावा म्हणून अनेकजण नेमकी हीच ओळ काढून टाकतात. माझ्या मते हे केर सतरंजीखाली सारणं आहे. शेकडा चार ओळी गेल्या तर काय बिघडतं? गळती सगळीकडे सारखी असती, तर फारसं काही नाही. पण एका केंद्राचे सगळेच नमुने गेले, की तिथले रुग्ण अभ्यासातूनच नाहीसे होतात.

म्हणून जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजा, आणि किती सुटल्या ते अहवालात लिहा. एका कागदावर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, दुसऱ्यावर ते नाहीच, हा घोळ परदेशात आपल्यापैकी बऱ्याच जणांनी निस्तरलाय. गळणारी ओळ उद्या आपलीही असू शकते.