सतरा इंच आणि पाच बोल्ट

परवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये टीममधल्या एका पोराने मला हाताला धरून नेलं आणि गाडीची नवी चाकं दाखवली. सतरा इंची, काळी कुळकुळीत, सहा आऱ्यांची. "कसली भारी दिसतायत ना?" खोटं कशाला बोला, खरंच भारी दिसत होती. मी विचारलं, "बोल्ट कुठले लावलेस?" लग्नाच्या मांडवात नवरदेवाला पॅन नंबर विचारावा तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

तर मंडळी, आजचा शनिवार त्या बोल्टांच्या नावाने.

आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे 'परफॉर्मन्स व्हील्स' म्हणून जी मोठी चाकं गळ्यात मारली जातात, त्यातल्या बहुतेकांचा परफॉर्मन्सशी काडीचा संबंध नसतो. आणि चार वर्षं इंजिनिअरिंग करून आपण ती आरशात बघून निवडतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी शेवटपर्यंत वाचून मग शिव्या द्याव्यात. मी स्वतः हा शहाणपणा करून बसलोय, म्हणून तर एवढा त्वेष!

माझी गाडी म्हणजे सेकंड हँड पोलो जीटी टीएसआय. फेरारी नाही हे मलाही कळतं, पण आमच्या पगारात स्पोर्ट्स कार म्हणायला एवढीच. तिला मूळचे टायर १८५/६० आर १५. मी घातल्या सतरा इंची रिम आणि २१५/४० चे टायर. आता जरा गणित करू, कंटाळू नका. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची रबराच्या बाजूच्या भिंतीला आहे. १८५ चे ६० टक्के म्हणजे १११ मिमी. २१५ चे ४० टक्के म्हणजे ८६ मिमी. चाकाचा बाहेरचा व्यास दोन्हीकडे साधारण ६०३-६०४ मिमीच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही, आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "काही फरक पडत नाही साहेब."

पडतो ना! पंचवीस मिलिमीटर रबर गेलं आणि तिथे धातू आला. रबर दबतं, धातू दबत नाही. एवढं कळायला डिग्री लागत नाही.

मला मात्र ते कळायला भामरागडपर्यंत जावं लागलं.

जानेवारीत एका मित्राबरोबर हेमलकशाला निघालो होतो. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला आणि प्रकाश-मंदाकिनी आमट्यांनी उभा केलेला लोकबिरादरी प्रकल्प एकदा बघायचा, हे कॉलेजपासून डोक्यात होतं. पुण्यात ज्याला त्याला सांगितलं त्याने एकच विचारलं, "अरे, तिकडे नक्षलवादी नाहीत का?" टायरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नागपूर, चंद्रपूर, बल्लारशा, आष्टी करत आलापल्लीला पोचलो. तिथून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, मधेच चांगला रस्ता, मधेच खणून ठेवलेला. ताडगावच्या पुढे एका रपट्याच्या तोंडाशी सावलीत खड्डा होता. वेग फार नव्हता, चाळीस-पंचेचाळीस असेल. टायर फुटल्यावर होतो तो आवाज मला माहीत होता. हा तसा नव्हता. लोखंडी बादली विहिरीच्या कठड्यावर आपटावी, तसा होता.

उतरून पाहिलं तर रिमच्या आतल्या कडेला बोटभर लांब तडा. हवा गेलेली. मित्र म्हणाला, "चल, स्टेपनी लावू, दहा मिनिटं." स्टेपनी मूळची, पंधरा इंची, स्टीलची, हवा भरलेली. जॅक होता, पाना होता. आणि बोल्ट हातात घेतल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं जिथे रिमवर टेकतं तिथे ते गोल असतं, चेंडूच्या तुकड्यासारखं. बाजारातल्या बहुतेक अलॉय रिमना लागतात निमुळत्या, शंकूसारख्या डोक्याचे बोल्ट. दुकानदाराने नव्या रिमबरोबर तसे वीस बोल्ट दिले होते आणि मूळचे पिशवीत घालून माझ्या हातात ठेवले होते. ते पुण्यात, माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी होते! गोल खळग्यात शंकू घातला तर तो नुसता कडेला टेकतो. पाना कितीही दाबा, वरून घट्ट वाटतं, पण धरून ठेवायला पूर्ण पृष्ठभागच नसतो. थरथरीने बोल्ट सैल होतात. आणि सैल झाले तर चाक निघतं.

"हळूहळू जाऊ की," मित्र म्हणाला. खरं सांगतो, दोन मिनिटं मलाही तेच वाटलं. पण पुढे रपटे होते, अंधार पडायला आला होता, मोबाइलला रेंज नव्हती. चाक निघालं असतं तर मदत कुठून आणणार होतो?

थोड्या वेळाने सायकलवरून एक काका आले. थांबले, वाकून चाकाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "चाक त लय चमकते भाऊ. पण रबर कुठी हाय?"

टायर रिव्ह्यूचे इतके व्हिडिओ पाहिलेत मी, पण इतका नेमका रिव्ह्यू आजवर ऐकला नव्हता :)

त्यांच्याच ओळखीने गाडी ढकलत जवळच्या पाड्यावर एका अंगणात लावली. एका पिकअपवाल्याने आम्हाला आलापल्लीला आणून सोडलं. वाटेत त्याने स्वतःच्या स्टीलच्या रिमबद्दल सांगितलं, "वाकली त हातोडा मारतो अन् चालवतो." बरोबर आहे. स्टील वाकतं. साच्यात ओतलेलं स्वस्त ॲल्युमिनियम तडकतं आणि वेल्डिंग करून त्याचा पुन्हा भरवसा धरता येत नाही. रात्री आलापल्लीहून नागपूरच्या मित्राला फोन केला. त्याने दुसऱ्या दिवशी पाच बोल्ट मिळवून एसटीने पाठवले. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टेपनी चढली. म्हणजे मुठीत मावतील एवढ्या पाच बोल्टांपायी दोन रात्री आणि किती अनोळखी माणसांचे उपकार! आणि हो, अंगणवाल्या घराने पैसे घेतले नाहीत. चहा मात्र पाजला.

ही झाली माझी फजिती. आता मुद्द्यावर.

पहिली थाप: मोठं चाक म्हणजे रेसिंग. कुठल्या रेसमध्ये हो? फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत तेरा इंची रिमवर पळत होत्या आणि त्यांचे टायर चांगले गुबगुबीत असायचे. अठरा इंची आले ते २०२२ मध्ये. जागतिक रॅलीमध्ये डांबरावर अठरा इंची चाकं वापरतात, पण त्याच गाड्या मातीच्या रस्त्यावर उतरल्या की पंधरा इंची रिम आणि जाड भिंतीचे टायर लावतात. जगातले सर्वोत्तम ड्रायव्हर खडीवर पंधरा इंच घेतात आणि आम्ही खराडीच्या खड्ड्यांत सतरा!

दुसरी थाप: अलॉय म्हणजे हलकं. ज्या सहा आऱ्यांच्या रिमच्या नकला गल्लोगल्ली मिळतात, ती मूळची जपानची रेझ कंपनीची टीई ३७. ती १९९६ ची. नावातला ३७ आला तिच्या वजनावरून, पंधरा इंची रिम ३.७ किलोची म्हणून. घडीव ॲल्युमिनियम, सगळा जीव वजन कमी करण्यात. आपण विकत घेतो तो तिचा नुसता चेहरा, ओतीव आणि जड. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शनला उचलावं लागतं, शिवाय ते फिरवायलाही ताकद लागते. म्हणजे परफॉर्मन्ससाठी पैसे देऊन आपण गाडी थोडी मंद करून आणतो. विश्वास नसेल तर प्रवासाच्या बॅगा मोजायचा हातकाटा घ्या आणि जुनं-नवं चाक टांगून बघा. मी बघितलं. नंतर, अर्थात.

आता यावरची उत्तरं मला पाठ आहेत. "एक्स्प्रेसवेवर वळणात फरक जाणवतो." मान्य. आखूड भिंतीचा टायर स्टिअरिंगला चटकन उत्तर देतो, हे खरंय. पण तेवढ्यासाठी चांगला टायर पुरतो. मूळ रिमवर उत्तम रबर घाला, सतरा इंचांच्या खर्चात वर पैसे उरतील. "मला नुसतं दिसायला हवंय." हेही मान्य, पण मग दिसण्यासाठी घेतली म्हणा, परफॉर्मन्सचं नाव घेऊ नका.

आणि तिसरं, माझं नावडतं: "रस्तेच भिकार आहेत, चाकांचा काय दोष?" रस्ते सुधारायलाच हवेत. पण भामरागडच्या रस्त्याबद्दल तक्रार करायचा पहिला हक्क माझ्या रिमचा नाही. पर्लकोटेला पूर आला की त्या गावाचा संपर्क तुटायचा, २०१९ च्या पावसाळ्यात तर बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. पेशंटला, बाळंतिणीला त्या वाटेने न्यायचं असतं. ती माणसं आहे त्या रस्त्याला साजेसं चाक लावतात. आपण रस्त्याकडे न बघता चाक लावतो आणि वर रस्त्यावर चिडतो. प्रॉडक्शन सर्व्हर न बघता कोड लिहिणाऱ्याला आपण काय म्हणतो?

एवढं सांगूनही घ्यायचीच असतील तर निदान हे करा. मूळ मापात राहा, किंवा गाडीच्या महागड्या मॉडेलला कंपनीच देते तेवढ्यापर्यंत जा. कारखान्याने ठरवलेल्या मापापलीकडे गेलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा कंपनीचे प्रश्न, दोन्ही तयार ठेवा. बोल्टच्या वर्तुळाचं माप, माझ्या गाडीला ५ बाय १००, अचूक जुळलंच पाहिजे, 'जवळपास' चालत नाही. ऑफसेट मूळच्या जवळ ठेवा, चाक बाहेर आलं की बेअरिंगवर ताण येतो. रिमचं मधलं भोक मोठं असेल तर हबवर बसणारी कडी मागून घ्या, माझ्या हबला ५७.१ मिमी. रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे शिक्के शोधा आणि टायरवरचा भारांक मूळपेक्षा कमी घेऊ नका. बोल्ट टॉर्क पान्याने आवळून घ्या, पोलोला १२० न्यूटन मीटर, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

आणि मूळचे बोल्ट स्टेपनीच्या खाली ठेवा. माळ्यावर नाही!

असो. मी पुन्हा पंधरा इंचांवर आलोय. उरलेल्या तीन काळ्या रिम गॅलरीत पडल्यात. तीन कुणी घेत नाही, आणि चौथी आणून चौघींना पुन्हा कुणाच्या गळ्यात मारायची माझी इच्छा नाही. सोमवारी मात्र ऑफिसला लवकर जाणार आहे. त्या पोराला डिकी उघडायला लावायचीय. पुढच्या आठवड्यात तो आईवडिलांना घेऊन ताडोब्याला निघालाय.